टिळकांनी मिशन सोडले ते बरोबर की चूक?

नगरच्या आमच्या कट्ट्यावर राजकारणाखेरीज दुसरा विषय फार वेळ टिकत नाही. गेल्या रविवारी मात्र ख्रिस्ती कवी व धर्मप्रचारक रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १९१७ साली अमेरिकन मराठी मिशनची नोकरी सोडून ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्तभक्तांचा स्वतंत्र मेळा स्थापन केला, ते योग्य होते की नाही, यावर चहाच्या दोन फेऱ्या होऊनही वाद मिटला नाही.

निवृत्त मुख्याध्यापक असलेले आमचे सर टिळकांच्या विरुद्ध बाजूने बोलत होते. मिशनने १८३१ पासून या शहरात शाळा चालवल्या, १८४२ मध्ये ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक सुरू केले, आणि ही कामे माणसे गेली तरी थांबली नाहीत. उलट मे १९१९ मध्ये टिळक वारले आणि संस्था म्हणून दरबार उभा राहू शकला नाही, असे त्यांचे म्हणणे. कवीने कवितेपुरते पाहावे, असेही ते वर म्हणाले, जे अनेकांना झोंबले.

वकीलसाहेबांनी सरांना सालांची आठवण करून दिली. १९१६ मध्ये होमरूल लीग निघाली आणि २० ऑगस्ट १९१७ रोजी ब्रिटिश सरकारचे भारतमंत्री माँटेग्यूंनी जबाबदार राज्यपद्धतीची घोषणा केली. गावोगावी स्वराज्याची भाषा चालू असताना, ज्याच्या कामाचा अहवाल अमेरिकेत, मिशनच्या बॉस्टनमधल्या मुख्य कचेरीला, जातो त्या प्रचारकाची सुवार्ता लोकांनी निःशंकपणे ऐकावी तरी कशी? शिवाय १८९५ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेताना टिळकांनी तो परदेशी मिशनऱ्याऐवजी एतद्देशीय पाळकाच्या, म्हणजे भारतीय धर्मगुरूच्या, हातून घेतला होता, तेव्हा १९१७ चा निर्णय एका रात्रीत सुचलेला नव्हता.

वकिलांचा मुद्दा मला पटतो, परंतु तो अपुरा आहे. तो पुढे नेला तो आमच्यातल्या एका पाळकांच्या मुलाने. दरबारात बाप्तिस्मा घेतलेल्यांबरोबर न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांनाही जागा होती, हीच त्यातली खरी धाडसाची गोष्ट, असे तो म्हणाला. मिशनच्या वार्षिक अहवालात यंदा किती जण मंडळीत, म्हणजे चर्चच्या सभासदांत, आले याचा आकडा द्यावा लागे. आपल्या घरात, आपल्या जातीत राहून ख्रिस्ताचे अभंग म्हणणाऱ्या माणसाला त्या रकान्यात जागाच नव्हती. टिळकांनी तो रकानाच बाजूला ठेवला. प्रचार हा डोकी मोजण्यासाठी आहे, ही शंका लोकांच्या मनातून काढण्याचा याहून सरळ मार्ग मला तरी दिसत नाही.

यावर वकिलांना संविधानाचे कलम २५ आठवले. त्यात धर्माच्या प्रसाराचा हक्क आहे. परंतु दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा हक्क त्यात येत नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये दिला. त्या निकालाने दरबाराचे काही अडले नसते, हे सरांनीही मान्य केले.

मग सरांनी विचारले, की परदेशी आधार तुटल्यावर मंडळी तगते याचा एक तरी दाखला आहे का? दाखला त्याच काळातला आहे. पहिल्या महायुद्धात इंग्रज सरकारने जर्मन मिशनऱ्यांना आधी स्थानबद्ध केले व नंतर देशाबाहेर घालवले, तेव्हा त्यांनीच उभारलेल्या, छोटा नागपूरमधल्या (आजचे झारखंड) आदिवासींच्या गॉस्नर चर्चला स्वतःचा कारभार स्वतः हाती घ्यावा लागला. १९१९ मध्ये ते स्वायत्त झाले आणि आजही आहे. सरांनी लगेच फरक दाखवला: तेथे मागे अख्खी मंडळी होती, येथे एकटे टिळक. तो फरक खोडून काढता आला नाही.

“पण सर, दर रविवारी पेटी-तबल्यावर तुम्ही कोणाची पदे म्हणता?” असे पाळकांच्या मुलाने विचारले. सर म्हणाले, “टिळकांचीच. पण ती पदे ज्या चर्चमध्ये म्हणतो, त्याचे छप्पर मिशनने बांधले.” मुलगा म्हणाला, की छप्पर गेल्या पावसाळ्यात गळत होते, आणि दुरुस्तीची वर्गणी मंडळीनेच काढली. मग सरांनी त्या वर्गणीचा हिशेब मागितला आणि बोलणे तिकडे वळले.