'सौजन्य: इंटरनेट' म्हणजे नेमकं कोण?

आज एका ग्रुपवर एका फोटोग्राफर मित्राने वैतागून लिहिलं की त्याचा फोटो कुणीतरी जाहिरातीत वापरलाय, विचारलं नाही, नाव नाही, काही नाही. खाली पहिलीच कमेंट, ती पण चांगल्या शिकल्यासवरलेल्या माणसाची, "मग पेटंट घ्यायचं ना आधी." त्याला धडाधड लाइक्स. दुसरा म्हणतो नेटवर टाकलं म्हणजे पब्लिकच झालं. तिसरा म्हणतो वॉटरमार्क का नाही टाकला. म्हणजे ज्याची वस्तू गेली त्याचीच उलटतपासणी! डोकंच फिरलं माझं. तिथे वाद घालण्यापेक्षा इथे लिहिते, तुम्ही सगळे लिहिणारे, गाणारे, चित्रं काढणारे आहात, तुम्हाला निदान हे टोचेल तरी.

माझी भाची चित्रं काढते. तिचं एक चित्र होतं, खिडकीशी बसून वाचणारी म्हातारी, मांडीवर मांजर, मांजराची शेपटी खाली लोंबतेय आणि त्या शेपटीच्या वळणात तिची बारीक सही. ते चित्र एका पुस्तकाच्या कव्हरवर आलं. सही नको म्हणून शेपटीच कापलेली. आणि आतल्या पानावर छापलंय, 'चित्र सौजन्य: इंटरनेट'. तिने फोन केला तर प्रकाशक शांतपणे म्हणाले, "बेटा, तू कॉपीराइट केलं होतंस का?"

अहो कॉपीराइट 'करावा' लागतच नाही! चित्र कागदावर उतरलं, कविता लिहून झाली, फोटो क्लिक झाला की तो हक्क त्याच क्षणी असतो, तिचाच असतो. कॉपीराइटबद्दलचा 1886 चा आंतरराष्ट्रीय बर्न करार आहे, जगातले जवळपास सगळे देश त्यात आहेत, आणि 1908 च्या दुरुस्तीपासून त्यात स्पष्ट आहे की या हक्कासाठी कुठलीही नोंदणी, कुठलाही सोपस्कार ही अट नाही. तो वर्तुळातला सी सुद्धा लागत नाही. हो, नोंदणी केलेली असली तर भांडताना पुरावा म्हणून बरी पडते, आणि अमेरिकेत तर तिथल्या कामासाठी कोर्टात जायच्या आधी करावीच लागते, मान्य. पण नोंदणी नाही म्हणजे माल बेवारशी, हे कुठून काढलं?

आणि पेटंट! पेटंट शोधाचं असतं. नवीन यंत्र, नवीन प्रक्रिया, नवीन औषध. त्यासाठी अर्ज करावा लागतो, तपासणी होते, मिळालं तर साधारण अर्जाच्या तारखेपासून 20 वर्षं. चित्राचं पेटंट नसतं, कवितेचं नसतं, फोटोचं नसतं. ट्रेडमार्क हा आणखी तिसराच प्रकार, नाव, लोगो, ज्यावरून माल कुणाचा ते गिऱ्हाइकाला कळतं, आणि तो वापरात ठेवून रिन्यू करत राहिलात तर कितीही वर्षं चालतो. मिकी माऊस घ्या. त्याच्या 1928 च्या पहिल्यावहिल्या रूपावरचा कॉपीराइट अमेरिकेत 1 जानेवारी 2024 ला संपला, पण कंपनीचे ट्रेडमार्क अजून चालूच आहेत. एकाच उंदरावर दोन वेगळे हक्क, दोघांची मुदत वेगळी. एवढं समजायला वकील व्हावं लागत नाही हो.

पब्लिकचं पण तेच. सगळ्यांना दिसतं म्हणजे सगळ्यांच्या मालकीचं झालं असं नसतं. पब्लिक डोमेन म्हणजे ज्याची मुदत संपली किंवा ज्याने स्वतःहून हक्क सोडला ते. मुदत किती, तर बर्न करारात लेखकाच्या मृत्यूनंतर किमान 50 वर्षं, भारतात 60, युरोपात 70. माझी भाची अजून कॉलेजात आहे!! तिची म्हातारी आणि मांजर कुठल्या हिशोबाने पब्लिक डोमेनमध्ये गेली?

(मृत्यूनंतर 70 वर्षं म्हणजे अतीच आहे, त्याचा फायदा बऱ्याचदा कलाकाराला नाही तर कंपन्यांना होतो, हे मलाही पटतं. पण तो वेगळा विषय.)

भाचीचं मला कौतुक वाटतं ते वेगळ्याच कारणासाठी. मी तावातावाने म्हटलं, परवा अजून कुणीतरी म्हातारी आणि मांजर काढलंय, त्यांनाही धर. तर म्हणाली, "नाही गं मावशी, म्हातारी आणि मांजर ही कल्पना आहे, ती कुणाचीच नसते, त्यांनी त्यांच्या हाताने काढलंय ना, मग ते त्यांचं." एवढीशी पोर, पण कल्पना मोकळी आणि मांडणी मालकीची हे तिला बरोब्बर कळतं. तिला स्वतःचं सोडून दुसऱ्याचं काही नकोय. तिला फक्त विचारायला हवं होतं. विचारलं असतं तर तिने आनंदाने दिलं असतं, कदाचित फुकट, आणि शेपटीसकट.

आता कुणीतरी म्हणेलच की नाव दिलं की झालं ना. नाही झालं. नाव देणं वेगळं, परवानगी घेणं वेगळं. आपल्या कामावर आपलं नाव असणं आणि त्याची मोडतोड न होणं हा नैतिक हक्क आहे, बर्न करारात तो 1928 पासून आहे, आणि छापायची परवानगी हा त्याशिवायचा दुसरा हक्क. त्या प्रकाशकांनी दोन्ही मोडले, वर बेटा म्हणाले. पेंटिंग विकत घेतलं तरी त्याची कॅलेंडरं छापायचा हक्क आपोआप मिळत नाही, तो वेगळा लिहून घ्यावा लागतो. मग स्क्रीनशॉटवर कसला हक्क मिळतो?

बरं, परीक्षण लिहिताना चार ओळी उद्धृत करणं, शिकवताना उदाहरण दाखवणं, याला कायद्यात सवलत आहे आणि ती हवीच. मीम फॉरवर्ड करणाऱ्यांना कोर्टात खेचा असंही मी म्हणत नाहीये. पण पुस्तक विकायचंय, जाहिरात करायचीय, आणि चित्राला पैसे नाहीत, कागदाला आहेत, छपाईला आहेत, बाइंडिंगला आहेत, फक्त जिने रात्र रात्र बसून ते काढलं तिच्यासाठी नाहीत, याचा मला भयंकर संताप येतो.

फुकट हवं असेल तर त्याचाही सरळ रस्ता आहे, क्रिएटिव्ह कॉमन्स. 2002 पासून ही लायसन्स आहेत. लोक स्वतःहून लिहून ठेवतात की घ्या, वापरा, फक्त अटी पाळा. लायसन्सच्या नावातच त्या अटींची अक्षरं असतात: बाय म्हणजे नाव द्या, एनसी म्हणजे धंद्यासाठी नको, एनडी म्हणजे बदल करून वाटू नका, एसए म्हणजे बदल करून वाटलंत तर त्याच अटींवर वाटा. सीसी झीरो, म्हणजे क्रिएटिव्ह कॉमन्सचंच हक्क सोडून देणारं, असेल तर नावाचीही अट नाही. सर्चमध्ये लायसन्सचा फिल्टर असतो, तो लावायला किती वेळ लागतो?

कुणाला या अक्षरांमध्ये गोंधळ होत असेल तर खाली विचारा, मला जेवढं माहितीय तेवढं नक्की सांगेन, अगदी कितीही बेसिक प्रश्न असला तरी. फक्त 'सगळेच करतात' हे कमेंटमध्ये लिहू नका, मी डिलीट करेन.