आंबा तीन महिने, पेज बारा महिने

हापूसचा हंगाम जवळ आला की आमच्या नातेवाइकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक वाद हमखास पेटतो: आंबा विकणाऱ्याने सोशल मीडियावर किती दिसायचं? एका बाजूला राजापूरकडचा माझा मावसभाऊ, वडिलोपार्जित बाग सांभाळणारा. त्याचं म्हणणं, फळ अस्सल असेल तर गिऱ्हाईक शोधत येतं. एप्रिलमध्ये माणसाने आढी लावायची की मोबाईलसमोर उभं राहायचं? दुसऱ्या बाजूला मुंबई-पुण्यातली तरुण मंडळी. कुठल्याशा वर्कशॉपला पैसे भरून आलेली, रोज एक रील पडलं नाही तर धंदा बुडालाच म्हणून समजा, असं सांगणारी. दोघांचीही कळकळ खरी आहे. पण मी जर्मनीत, मानहाइमला राहते आणि पुण्यातल्या आईबाबांसाठी दरवर्षी फोनवर बघूनच पेटी ठरवते. माझ्यासारख्या गिऱ्हाइकाला रोजच्या रीलचं काही पडलेलं नाही. जूनपासून फेब्रुवारीपर्यंत तुमचं फेसबुक-इन्स्टाग्रामवरचं पेज काय करतं, त्यावरून मी कुणाला पैसे पाठवायचे ते ठरवते.

फेब्रुवारीत शोधायला बसलं की काय दिसतं सांगते. पिवळ्याधमक आंब्यांचा फोटो, ‘बुकिंग सुरू, पेट्या मर्यादित’ आणि खाली तारीख दोन वर्षांपूर्वीच्या एप्रिलची. मेसेज टाकला तर उत्तर नाही. बाग जिवंत असेल, मालक फवारणीच्या गडबडीत असेल; पण सात हजार किलोमीटरवरून ते कळायला मार्ग नाही. २०१८ मध्ये रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांतल्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं. तरी कर्नाटकातलं फळ देवगडच्या नावाने विकलं जातं, हे बाजारात जाणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. पिकल्या आंब्याचा फोटो कुणीही कुठूनही उचलू शकतो. एका बागेचं अख्खं वर्ष मात्र उचलता येत नाही. तोच जांभ्याचा गडगा, तीच कलमं, त्याच माणसाचा आवाज, ऑक्टोबरातली पालवी, मग मोहोर, मग वाटाण्याएवढी कणी, मग गोटी. हे सगळं आठवड्याला एकदा का होईना डोळ्यांसमोरून गेलं असेल, तर मार्चमध्ये ‘ही तुमचीच बाग कशावरून?’ असं मला विचारावं लागत नाही.

इथे आमच्या जवळच श्वेत्सिंगन नावाचं गाव आहे, पांढऱ्या श्पारगेलसाठी म्हणजे शतावरीच्या कोंबांसाठी नावाजलेलं. तेही हंगामी पीक. एप्रिलच्या सुमाराला सुरू होतं आणि २४ जूनला काढणी थांबते, कारण पुढच्या वर्षासाठी मुळांना ताकद धरू द्यावी लागते. म्हणजे मुदत साधारण आपल्या हापूसइतकीच. ज्या शेतकऱ्याकडून आम्ही घेतो, त्याचं फेसबुक पान दिसायला अगदी साधं. संगीत नाही, नाच नाही. हंगामात सकाळी कुठल्या टपऱ्या उघड्या आहेत आणि किलोचा भाव काय, एवढंच. पण हंगामाबाहेरही ते पान गप्प नसतं. आणि ऐन हंगामातही एकदा त्याने वाफ्यांवरच्या प्लॅस्टिकचा फोटो टाकला होता. त्या कापडाची एक बाजू काळी, एक पांढरी. ऊन कमी असेल तर काळी बाजू वर ठेवायची, माती तापते, कोंब लवकर येतात. उष्मा वाढला की उलटून पांढरी वर करायची, कोंबांचा वेग मंदावतो. चार ओळींची पोस्ट. त्या आठवड्यात भाव का उतरला आणि पुढच्या आठवड्यात माल कमी का असेल, ते टपरीवर न विचारताच समजलं.

म्हणून जर्मनीतलं सगळंच अनुकरणीय, असं मला म्हणायचं नाही. इथल्या कितीतरी बेकऱ्यांना आणि खाटकांना इंटरनेटवर धड पान नाही, आणि तरी त्यांचं चाललंय. बहुतेक दुकानं रविवारी बंद असतात हे सर्वांना पाठ, ‘सोमवारी सुट्टी’ ही पाटी वर्षानुवर्षं तीच, आठवडी बाजार ठरल्या वारी ठरल्या चौकात. गिऱ्हाईक चालत येतं, दार बघतं, उमजतं. त्यांची नियमितता दारावरच लिहिलेली असते. कोकणातल्या बागायतदाराला हे सुख नाही. त्याचं गिऱ्हाईक घाटापलीकडे, पुण्यात, नाशकात, नाहीतर आमच्यासारखं समुद्रापलीकडे. त्याचं दार म्हणजे त्याचं पेज. त्यामुळे मावसभावाचा मुद्दा मला उलटा वाटतो: अस्सल फळाला आधाराची गरज नाही, हे गावातल्या गिऱ्हाइकापुरतं खरं. लांबच्याला अस्सलपणा चाखण्याआधीच पैसे मोजायचे असतात.

आणि लांबचं गिऱ्हाईक आता त्याचंच आहे. २०२० च्या टाळेबंदीत वाशीच्या बाजारात माल पाठवणं अवघड झालं, तेव्हा कित्येक बागायतदारांनी थेट पुण्या-मुंबईच्या सोसायट्यांमध्ये पेट्या पोचवल्या. दलाल, अडत, हमाली यांच्याऐवजी फोनवरचे ग्रुप. ती वाट बागायतदारांनी स्वतःच्या हिमतीने पाडली. ते सगळं सुरू होऊन इतकी वर्षं झाली, आणि त्यातली किती पेजं पहिल्या हंगामानंतर ओस पडली, हे बघून मला खरोखर वाईट वाटतं. वाट पाडायला लागते ती मेहनत त्यांनी केली होती. ती वापरात ठेवायला त्याहून कितीतरी कमी लागते.

वाईट वर्षाबद्दल तर मुद्दाम बोलायला हवं. कोकणात मोहोराच्या वेळी अवकाळी पाऊस होतो, तुडतुडे येतात, मार्चच्या उन्हात फळगळ होते. अशा वेळी बहुतेक जण गप्प बसतात. देवगडकडच्या एका बागायतदाराने मात्र एका हंगामात जळलेल्या मोहोराचा झुपका हातात धरून सरळ सांगितलं, ‘यंदा पेट्या निम्म्या, भाव चढा राहील, आगाऊ पैसे परत हवे असतील तर कळवा.’ मी परत मागितले नाहीत. बाबांना पेटी उशिरा पोचली, त्यात दोन आंब्यांना साका (आतला गर पांढरट, आंबट राहतो तो दोष) निघाला, आणि तरी पुढच्या वर्षी मी त्यालाच फोन केला. तो माणूस जानेवारीतही बोलतो आणि ऑगस्टमध्येही, म्हणून त्याच्या एप्रिलमधल्या शब्दावर माझा भरवसा आहे.

वर्कशॉपवाल्या मंडळींना माझं एवढंच सांगणं आहे की रोजचा हट्ट सोडा. कलमांना खतं घालणारा, फवारणी करणारा, ‘नूतन’ झेल्याने (फळं काढायच्या जाळीच्या काठीने) देठासकट फळ उतरवणारा आणि रात्री पेंढ्यात आढी लावणारा माणूस एकच असतो. त्याला रोजची रील सांगितली तर तो पंधरा दिवस करेल आणि मग कायमचा थांबेल. आठवड्यातून एक फोटो, दोन ओळी आणि आलेल्या प्रश्नांना चोवीस तासांत उत्तर, एवढं बारा महिने जमलं तरी पुष्कळ. शिवाय सगळी भिस्त एकाच अॅपवर नको. २९ जून २०२० ला भारतात टिकटॉक बंद झालं तेव्हा अनेकांचे जमवलेले प्रेक्षक एका रात्रीत गेले. ४ ऑक्टोबर २०२१ ला फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सअॅप तिन्ही एकदम सहा तास बंद होती. हे एप्रिलमध्ये, पेट्या ट्रकमध्ये चढत असताना झालं असतं तर? गिऱ्हाइकांची नावं, पत्ते, नंबर वहीत लिहून ठेवलेले हवेत.

मावसभावाची लेक बारावीत आहे आणि तिच्या हातात फोन असतोच. त्याला मी सुचवलंय की या कामाचे तिला महिन्याचे पैसे ठरवून दे, घरचं म्हणून फुकट करवून घेऊ नकोस. सुरुवात मार्चमध्ये करू नकोस. शेवटची पेटी गेली की जूनमध्ये कर: बाग रिकामी झाली, खतं घालायला घेतली, यंदा किती पेट्या झाल्या आणि कुणाची तक्रार आली तर तिचं काय केलं, ते लिहून टाक.