पाचावर अकरा शून्ये आणि वर नोंदणी शुल्क

युगोस्लाव्हियाची 500 अब्ज दिनारांची नोट ज्याच्याकडे असेल तो कोट्यधीश, असे सांगणारा एक संदेश सध्या नाशिकमध्ये घरोघरी फिरतो आहे. तो देश नकाशावरून पुसला गेल्याने नोट अतिदुर्मीळ झाली आहे, बँका ती आजही बदलून देतात, ‘रिझर्व्ह बँक मान्यताप्राप्त’ खरेदीदाराकडे 2,100 रुपये भरून नाव नोंदवावे आणि तोवर नोट लॅमिनेट करून ठेवावी, असा त्याचा सारांश. एरवी असल्या मजकुराला उत्तर देण्याच्या फंदात मी पडत नाही; पण सिडकोत राहणाऱ्या माझ्या आत्याने तो खरा मानून आतोबांचा जुना अल्बम बाहेर काढला, तेव्हा गप्प बसणे शक्य नव्हते.

आधी हिशेब पाहू. संदेशकर्त्याने 500 अब्जांना चक्क आजच्या कुवेती दिनाराच्या दराने गुणले आहे. नेपाळचा रुपया आणि आपला रुपया एक नव्हे हे ज्याला कळते, त्याला दोन देशांचे दिनारही वेगळे असतात हे कळायला हरकत नव्हती. कुवेती दिनार तीन डॉलरांहून महाग आहे, म्हणजे या गणिताने आत्याच्या कपाटातल्या एका कागदाची किंमत दीड लाख कोटी डॉलरांच्या वर जाते. एवढी रक्कम खिशात असलेला माणूस आत्याकडे 2,100 रुपये का मागतो आहे, हा प्रश्न पुढे ढकलणाऱ्या कोणालाच पडलेला दिसत नाही. प्रत्यक्षात ही नोट 1993 च्या डिसेंबरात, तिथले चलन पार कोसळलेले असताना निघाली. पुढच्याच महिन्यात महागाईचा मासिक दर 31 कोटी टक्क्यांच्या घरात गेला. 1 जानेवारी 1994 रोजी सरकारने दिनारावरची नऊ शून्ये उडवली, त्यामुळे 500 अब्जांचे एका रात्रीत 500 झाले. आणि 24 जानेवारीला जर्मन मार्काशी बांधलेला आणखी एक नवा दिनार आला, तेव्हा त्या 500 चीही माती झाली. नोटेवर कवी योव्हान योव्हानोविच झ्माय यांचे चित्र आहे, छपाई देखणी आहे, आणि परदेशी विक्रेत्यांकडे ती काही डॉलरांत मिळते.

देश गेला म्हणून नोटा दुर्मीळ झाल्या, हा तर्कही उलटा आहे. पूर्व जर्मनीत 1 जुलै 1990 पासून पश्चिमेचा मार्क लागू झाला आणि जमा झालेल्या सुमारे 3,000 टन जुन्या नोटा हाल्बरश्टाटजवळच्या भुयारात गाडण्यात आल्या. त्या तिथे कुजून जातील अशी अपेक्षा होती. त्या कुजल्या नाहीत. चोर भुयारात शिरले, आणि कधीच चलनात न आलेल्या 200 व 500 मार्कांच्या कोऱ्या नोटा संग्राहकांच्या बाजारात दिसू लागल्या. शेवटी 2002 साली तो साठा उकरून जाळावा लागला.

बँका नोट बदलून देतात, या दाव्यात अर्धे सत्य आहे, ते नाइलाजाने मान्य करतो. जर्मनीची मध्यवर्ती बँक जुने डॉइच मार्क आजही कोणतीही मुदत न घालता बदलून देते. मात्र ते पश्चिम जर्मनीचे चलन होते. पूर्व जर्मनीच्या मार्कांना तिथेही कोणी विचारत नाही.

आता सगळ्यात घातक भाग, म्हणजे ते शुल्क. रिझर्व्ह बँकेने 4 ऑगस्ट 2021 रोजी प्रसिद्धिपत्रक काढून स्पष्ट केले आहे की जुन्या नोटा-नाण्यांच्या खरेदी-विक्रीशी तिचा संबंध नाही, अशा व्यवहारासाठी ती कोणतेही शुल्क किंवा कमिशन मागत नाही आणि आपल्या वतीने ते गोळा करण्याचा अधिकार तिने कोणत्याही संस्थेला वा व्यक्तीला दिलेला नाही. त्यामुळे ‘मान्यताप्राप्त खरेदीदार’ हा प्रकारच अस्तित्वात नाही; संदेशातले बोधचिन्ह कोणीही चिकटवू शकतो. नोंदणीचे पैसे दिले की कर, मग विमा, मग पाठवणावळ अशी मागणी वाढत जाते आणि आधीचे पैसे वाया जाऊ नयेत म्हणून माणूस पुढचे भरत राहतो. ज्यांनी आधीच भरले असतील त्यांनी लाजेपोटी लपवून न ठेवता 1930 या सायबर फसवणुकीसाठीच्या मदत क्रमांकावर ताबडतोब तक्रार करावी.

लॅमिनेशनचा सल्ला तर निव्वळ नासधूस आहे. आत्याने 1961 सालची दहा रूबलची लाल नोट लॅमिनेट करून आणलीसुद्धा. लेनिनच्या चेहऱ्याशेजारी हवेचा बुडबुडा अडकला आहे, कडा प्लॅस्टिकात वितळून बसल्या आहेत, आणि कागद न फाडता तो पापुद्रा आता निघणार नाही. स्वस्त पीव्हीसीची पाकिटेही काही वर्षांनी चिकट होऊन नोटेला लागतात. पॉलिएस्टरचे साधे पाकीट पुरेसे असते.

जिथे नोटा छापल्या जातात आणि जिथून जवळच, अंजनेरीला, 1980 साली नाणेशास्त्राची संशोधन संस्था उभी राहिली, त्या शहरात हे समजावून सांगावे लागावे, याचा मला राग येतो. नाहीशा झालेल्या राज्याच्या नोटांना भाव येतच नाही, असे मी म्हणत नाही. हैदराबाद संस्थानाने 1918 पासून नोटा काढल्या, नाशिक रोडचा छापखाना सुरू झाल्यावर त्या येथेच छापल्या जाऊ लागल्या, आणि त्यांतल्या मोठ्या रकमेच्या नोटांना लिलावात खरोखर चांगली किंमत मिळते. पण ती ठरते नोटेवरची सही, मालिका, पडलेल्या घड्या आणि टाचणीची भोके पाहून. राज्य केव्हा बुडाले यावरून नव्हे.