ती माइको आहे, सेल्फी पॉइंट नव्हे!

जपानमधल्या क्योतोच्या गिऑन या गेइशांच्या वस्तीत संध्याकाळी सहाच्या सुमारास हानामिकोजी रस्त्यावर जा, रोज तोच तमाशा. कंदील लागतात न लागतात तोच एखादी माइको (नाच-गाण्याने पाहुण्यांचं मनोरंजन करायला शिकणारी, म्हणजे शिकाऊ गेइशा) दिसते आणि वीस मोबाइल तिच्या तोंडासमोर! अहो, ती कामावर निघालीय. पायात दहाएक सेंटिमीटर उंच लाकडी खडावा (ओकोबो), पाठीवर पाच मीटरहून लांब ओबीचा (किमोनोच्या कमरपट्ट्याचा) भार. त्यात कुणी बाही ओढली की तोल गेलाच म्हणून समजा. तिकडे ओचायात (चहाघरात) पाहुणे खोळंबलेले, ते वेगळंच.

आणि भरदुपारी निवांत पोझ देत फिरणाऱ्या बहुतेक जणी भाड्याचा माइकोचा पोशाख घातलेल्या पर्यटक असतात. काढा की त्यांचे फोटो, त्यांना विचारून!

खासगी गल्ल्यांच्या तोंडाशी फोटोबंदीच्या आणि 10,000 येन दंडाच्या पाट्या 2019 पासून आहेत. 2024 मध्ये काही गल्ल्यांत पर्यटकांना प्रवेशच बंद झाला. तरी मंडळी पाटीचाच फोटो काढून आत घुसतात!

घरांच्या भिंतीला टेकवलेला बांबूचा कमानदार आडोसा म्हणजे इनुयाराई. पावसाचे शिंतोडे आणि कुत्री यांच्यापासून भिंत वाचवायला तो असतो, तुमचं बूड टेकायला नाही. बांबूच्या पातळ पट्ट्या त्या, माणसाच्या वजनाने मोडणारच.

फोटोच हवेत ना? शिजो रस्ता ओलांडून उत्तरेला शिराकावा ओढ्याकाठी जा. तात्सुमी पूल, विलो, पाण्यातले दिवे, सगळं आहे. फक्त पुलाच्या मधोमध कॅमेऱ्याची तिपाई रोवू नका!