जाळीवरचे अणू : एका प्रतिक्रियेला उत्तर

सर, नमस्कार. उत्तराला उशीर झाला. परभणीत दुपारी लाईट जातेय आणि सिम्युलेशन दर वेळी अर्ध्यात बंद पडतंय.

माझ्या चुंबकांच्या संगणकी मॉडेलवर तुमचे आक्षेप तीन. गॅडोलिनियम-लोह-कोबाल्टचा मिश्रधातू अस्फटिकी, म्हणजे अणू ओळीत न बसलेला, आहे असं मी लिहितो आणि मॉडेलमध्ये अणू मात्र नीटनेटक्या जाळीवर बसवतो, ही तुमच्या मते 'सरळ लबाडी'. दुसरा, समतोल तापमानाला, म्हणजे आतली विरुद्ध चुंबकत्वं एकमेकांना बरोबर छेदतात तिथे, चुंबकन (एकूण चुंबकत्व) शून्य झालं तर पदार्थ चुंबक उरलाच कुठे? तिसरा, शून्य केल्विनजवळ (सर्वांत थंड टोकाला) चुंबकनाचा माझा आलेख चुकलाय.

तिसरा मान्य. स्पिन म्हणजे अणूतला इवलासा चुंबक. माझ्या मॉडेलमध्ये तो हवा तितका थोडा कलू शकणारा बाण आहे, त्यामुळे तापमान वाढू लागताच चुंबकन सुरुवातीपासूनच सरळ रेषेत घसरतं. प्रत्यक्षात ते आधी फार हळू, तापमानाच्या दीड घाताने घटतं. ब्लॉखचा नियम तोच. आलेखाखाली टीप हवी होती; आज टाकली.

दुसऱ्याचं उत्तर तुमच्या लातूरच्या मोंढ्यात आहे. दोन्ही पारडी भरलेली असताना काटा मध्यावर आला, तर तराजू रिकामा आहे असं कुणी म्हणत नाही. इथे लोहाचे स्पिन एका बाजूला, गॅडोलिनियमचे विरुद्ध. गॅडोलिनियमच्या अणूचं चुंबकीय आघूर्ण (त्या इवल्या चुंबकाची ताकद) ७.६ बोर मॅग्नेटॉन (हे त्याचं एकक), लोहाचं साधारण १.९ धरा, कोबाल्टही लोहातच मोजा. शंभर अणूंत २५ गॅडोलिनियमचे असतील, तर १९० विरुद्ध १४२.५. थंडीत गॅडोलिनियमचं पारडं जड. पण त्याचे अणू आपसांत जेमतेम बांधलेले. शुद्ध गॅडोलिनियम २० अंश सेल्सिअसलाच लोहचुंबकत्व सोडतं. आपल्याकडं मे महिन्यात ते पहाटेसुद्धा टिकायचं नाही. शुद्ध लोह ७७० अंशांपर्यंत तग धरतं. मिश्रधातूत गॅडोलिनियम लोहाच्या आधाराने उभं असतं, आणि तापलं की आधी तेच ढिलं पडतं. वाटेत एका तापमानाला वजाबाकी शून्य येते. तिथे बाहेरच्या चुंबकीय क्षेत्राला पकडच मिळत नाही, म्हणून चुंबकन उलटवायला लागणारं क्षेत्र कमी होण्याऐवजी प्रचंड वाढतं. दोन्ही पारडी खरोखर रिकामी होतात ती क्युरी तापमानाला. आणि याच आकड्यांनी, गॅडोलिनियम २० टक्क्यांखाली आणलं तर थंडीतही लोहच जड राहतं. मग समतोल तापमान उरतच नाही. कागदावर करून बघा, दोन ओळींचं काम आहे.

आता पहिला आक्षेप, लबाडीचा. युक्ती माझी नाही; थॉमस ऑस्टलर आणि सहकाऱ्यांनी २०११ साली असंच मॉडेल मांडून मोजमापांशी ताडून पाहिलं. स्पिनमधली देवाणघेवाण, म्हणजे त्यांना एकमेकांशी बांधणारी ओढ, जवळच्या शेजाऱ्यांपुरती असते. म्हणून अणूला शेजारी किती आणि त्यांत गॅडोलिनियमचे किती, यावर बहुतेक सगळं ठरतं. माझ्या जाळीत प्रत्येकाला १२ शेजारी आहेत, अस्फटिकी धातूतही साधारण तितकेच असतात. आणि कुठल्या जागी कोण बसणार हे मी फासे टाकून ठरवतो. अंतरांतला विस्कळीतपणा सुटतो, हे खरं. पण गॅडोलिनियमच्या चार-एफ या आतल्या कवचात सात इलेक्ट्रॉन, म्हणजे बरोबर अर्धं भरलेलं. त्या कवचाचा ढग गोल असतो, त्यामुळे शेजारी वेडेवाकडे बसले तरी त्याचा स्पिन फारसा ओढला जात नाही.

टर्बियम या त्याच्या भाईबंद धातूचं तसं नाही. त्याचा ढग गोल नाही. प्रत्येक अणू आपापल्या शेजाऱ्यांप्रमाणे वेगळ्या दिशेला झुकतो आणि स्पिन पंख्यासारखे पसरतात. जुन्या मॅग्नेटो-ऑप्टिकल डिस्कमधला टर्बियम-लोह-कोबाल्ट मी असाच साध्या जाळीवर बसवला, तर खुशाल लबाड म्हणा.