चंद्रग्रहणाला काळा चष्मा? आधी तो लावून पौर्णिमेचा चंद्र शोधून दाखवा

दर चंद्रग्रहणाला तारीख बदलून फिरणारा तो मेसेज या वेळी सातवीतल्या भाचीपर्यंत पोहोचला आणि तिने तो प्रकल्पवहीत उतरवूनही घेतला. मेसेज म्हणतो: ग्रहण चष्म्याशिवाय पाहू नका, चंद्राच्या कला म्हणजे रोजचं छोटं ग्रहण, दर पौर्णिमेला ग्रहण नसतं ती राहू-केतूची मर्जी, लाल चंद्राचे किरण विषारी, त्यांनी अन्न नासतं, म्हणून गरोदर बाईने वेध लागल्यापासून पाणीही पिऊ नये. वर शिक्का, 'हे आपल्या शास्त्रात आहे'.

चष्म्याचं आधी उरकू. सूर्यग्रहणाचा चष्मा जेमतेम लाखातला एक भाग प्रकाश आत सोडतो. पौर्णिमेचा चंद्रच सूर्याहून सुमारे चार लाख पटींनी मंद, ग्रहणातला त्याहूनही मंद. चष्मा लावून दिसेल तो फक्त काळोख. दुर्बिणीतूनही खुशाल बघा.

कलांचं तर एका ओळीचं काम. पृथ्वीची सावली कायम सूर्याच्या विरुद्ध बाजूला पडते. अष्टमीचा चंद्र तिच्यापासून काटकोनात असतो. सावली तिथे पोहोचणार कशी?

राहू-केतूंत मात्र अर्धं खरं आहे, नाइलाजाने मान्य. आपल्या ज्योतिर्गणितात चंद्राची कक्षा सूर्याच्या भासमान मार्गाला जिथे छेदते त्या दोन बिंदूंना राहू-केतू म्हणतात. पौर्णिमा त्यांच्या जवळ आली तरच ग्रहण. मर्जी कसली, भूमिती आहे. 1 सेंटिमीटर म्हणजे 1,000 किलोमीटर धरा. पृथ्वी 12.7 सेंटिमीटरचा चेंडू, चंद्र 3.5 सेंटिमीटरचं छोटं लिंबू, अंतर 3 मीटर 84 सेंटिमीटर. तिथे पृथ्वीची गडद सावली फक्त 9 सेंटिमीटर रुंद. कक्षा 5 अंशांनी कललेली, म्हणजे लिंबू त्या सावलीच्या 34 सेंटिमीटर वर किंवा खालीही जाऊ शकतं. बहुतेक पौर्णिमांना नेम चुकतो तो म्हणूनच. वर्गात हा प्रयोग फसतो कारण लिंबू चेंडूपासून वीतभर धरतात. मग दर फेरीला ग्रहण! टॉर्चही नको, त्याची सावली पसरत जाते. सकाळचं तिरपं ऊन घ्या.

लाल रंग आपल्याच वातावरणाचा. निळा प्रकाश वाटेत विखुरतो, उरलेला तांबूस वळून चंद्रावर पडतो. संध्याकाळचं आभाळ लाल होतं तेव्हा कोणी जेवायचं थांबत नाही.

आता खरा राग येतो तो मुद्दा. चंद्रग्रहणाचे वेध तीन प्रहर आधी, म्हणजे नऊ तास. 7 सप्टेंबर 2025 ला ग्रहण रात्री 9:57 ला लागून 1:26 ला सुटलं. मेसेज पाळायचा तर पोटुशी बाई साडेबारा तास पाण्याविना! तिला चक्कर येईल, पोटातल्या बाळाचेही हाल. पंचांगंसुद्धा गरोदर, आजारी, म्हातारे आणि मुलं यांना वेधात सवलत देतात. हा मेसेज पंचांगाच्याही पुढे गेला. दुपारचं अन्न मध्यरात्री नासतं हे खरं, पण ते जंतूंमुळे. शिजवलेलं दोन तासांपेक्षा जास्त बाहेर ठेवू नका, फ्रिजमध्ये 5 अंशांखाली ठेवा. ग्रहण असो वा नसो.

राहिलं 'आपलं शास्त्र'. आर्यभटाने इ.स. 499 मध्ये लिहिलंय: 'छादयति शशी सूर्यं शशिनं महती च भूच्छाया'. सूर्याला चंद्र झाकतो आणि चंद्राला पृथ्वीची मोठी सावली. विषारी किरण त्यात कुठे आहेत ते मेसेजवाल्याने दाखवावं.

भाचीने वहीतलं ते पान फाडू नये. शेजारच्या पानावर चेंडू-लिंबाची आकृती काढावी, आणि 31 डिसेंबर 2028 च्या रात्री खग्रास चंद्रग्रहण आहे, तेव्हा गच्चीवर जाऊन ताडून बघावी.