‘सगळ्याचा अर्थ शक्यताच ना?’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

‘पॉसिबल, प्रॉबेबल, लाइकली, चान्स, रिस्क, सगळ्याचा अर्थ शक्यताच. एवढा कीस पाडून शिकणाऱ्याला कशाला घाबरवता?’ असा इंग्रजीतल्या शक्यता सांगणाऱ्या शब्दांवरच्या माझ्या लेखाला तुमचा आक्षेप आहे. त्यातलं एक मान्य करतो. रोजच्या बोलण्यात ‘प्रॉबेबल’ आणि ‘लाइकली’ यांत फरक करत बसायची गरज नाही. लेखातला त्या दोघांवरचा परिच्छेद नसता तरी चाललं असतं.

पण ‘पॉसिबल’ आणि ‘प्रॉबेबल’? इथे मी मागे हटणार नाही. मराठीत ‘कदाचित येईन’ आणि ‘बहुतेक येईन’ हे तुम्हाला सारखं वाटतं का? बहुतेक येणाऱ्यासाठी आपण खुर्ची धरून ठेवतो. ही पारख आपल्याला मराठीत उपजत असते, इंग्रजीत ती मुद्दाम कमवावी लागते.

माझ्या एका विद्यार्थिनीने वरिष्ठांना मेल केला : ‘आय माइट फिनिश बाय फ्रायडे.’ तिच्या मनात होतं, ‘शुक्रवारपर्यंत होईल बहुतेक.’ वरिष्ठांनी वाचलं, ‘झालं तर झालं,’ आणि काम दुसऱ्याला दिलं. व्याकरणाची एकही चूक नव्हती हो! ‘माइट’च्या जागी ‘विल प्रॉबेबली’ हवं होतं, एवढंच. ती किती खट्टू झाली होती ते मी पाहिलंय, म्हणून हा विषय मला सोडवत नाही.

आणि हा घोळ फक्त शिकणाऱ्यांचा होतो असंही नाही. १९५१ साली अमेरिकेच्या सीआयए या गुप्तचर संस्थेच्या एका अहवालात म्हटलं होतं की, त्या वर्षी युगोस्लाव्हियावर हल्ला होण्याची ‘सिरियस पॉसिबिलिटी’ आहे. अहवालाशी संबंधित शेर्मन केंट यांच्या मनात हल्ल्याच्या बाजूने ६५, विरुद्ध ३५ असा अंदाज होता. वाचणाऱ्या अधिकाऱ्याने तो बराच कमी धरला होता. मग केंट यांनी सहकाऱ्यांनाच विचारलं, तर कुणाचे २०-८०, कुणाचे ८०-२०! सगळ्यांची भाषा इंग्रजी, मजकुरावर सगळ्यांची संमती, आणि तरी ही तफावत. पुढे १९६४ मध्ये त्यांनी शब्दांना आकडे जोडून दाखवले : ‘प्रॉबेबल’ म्हणजे ७५ टक्के, १२ इकडे-तिकडे. म्हणून मी शिकवताना ‘याचा अर्थ काय’ याआधी ‘शंभरात किती वेळा’ असं विचारतो.

तुमचं एक वाक्य मात्र तसंच सोडवत नाही. ‘चान्स म्हणा नाहीतर रिस्क, फरक काय पडतो?’ असं तुम्ही लिहिलंय. ‘चान्स’ बऱ्या-वाईट दोन्हीला चालतो. ‘रिस्क’ नको असलेल्या गोष्टीचीच असते. ‘देअर इज अ रिस्क ही विल पास’ हे वाक्य इंग्रजी कानाला कसं लागतं ते कळायला त्याचं मराठी मोठ्याने म्हणून पाहा : ‘तो पास होण्याचा धोका आहे.’